सोमवारपासून कामावर जातोय

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, राजीनामा टाका, मी आहे ना." मी नुसतं "बघू" म्हटलं, कारण तुझी आई शेजारीच बसली होती. आता सविस्तर लिहितो.

सोमवारपासून कामावर जातोय. पाठ बरी झाली म्हणून नव्हे. सकाळी अजून आधी कुशीवर वळावं लागतं, मग पाय खाली सोडायचे, हाताने रेटा द्यायचा, तेव्हा कुठे बसता येतं. मोजा घालताना डाव्या पायात चमक निघते ती थेट पोटरीपर्यंत. चार महिन्यांत ही कसरत पाठ झालीय. (आईला हा विनोद अजिबात आवडला नाही.)

एमआरआयचा कागद वाचून तू घाबरलास. एल-4, एल-5 या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली, नस दबली. फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या, काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या कित्येकांचा एमआरआय काढला तरी गादी फुगलेली दिसते. पडून राहिलात तर पाठ आणखी आखडेल. पहिले दोन महिने मी नेमकं तेच केलं. शेक, पट्टा आणि पंख्याकडे बघणं. आता सकाळी 20 मिनिटं चालतो. दुखतं, पण चालतो.

धास्ती आहे ती लोकलची. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवारीच रंगीत तालीम करून आलो. फास्ट लोकल मशीद स्टेशनला थांबत नाही, म्हणजे मुलुंडपासून स्लोच. भांडुपला तिघांनी सरकून चौथी सीट दिली. एक ढुंगण सीटवर, एक अधांतरी, कंबर पिळलेली. विक्रोळी यायच्या आत उभा राहिलो. खिडकीजवळचा म्हणाला, "काका, देतोय तर बसा ना!" त्याला काय सांगणार? दिसायला मी धडधाकट. पायाला प्लास्टर असतं तर अख्खी सीट मिळाली असती. पुढे मशीदपर्यंत दांड्याला टेकून उभा राहिलो, आणि खरं सांगू, उभ्यानेच बरं वाटलं.

शेठशी बोलणं झालंय. पहिले दोन आठवडे 11 ते 3, खोकी उचलायची नाहीत, फक्त चलनं लिहायची, अर्ध्या तासाने उठून दारापर्यंत फेरी. शेठ लगेच कबूल झाला. गोदामातला एक जण मात्र फोनवर म्हणाला, "चार महिने मजा केलीत की!" मी हसलो. फोन ठेवला आणि आईने दिलेला चहा तसाच गार झाला. घरी बसून राहिलो तर त्याचंच खरं ठरेल असं वाटतं. हा हट्ट असेलही.

पैशांचं म्हणशील तर तुझा हप्ता तुझ्यापाशी राहू दे. नवीन पट्टा पाठवू नकोस, आहे तोच घाम आणतो. सोमवारी फोन रात्री नऊनंतर कर. त्याआधी मी जमिनीवर आडवा असेन.

तुझे
बाबा