आधी पडायला शिकवा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका शाळेतल्या स्वसंरक्षण शिबिराची बातमी फोटोसकट आली होती. तीन दिवसांचं शिबिर, पटांगणात रांगेने उभ्या मुली, सगळ्यांच्या मुठी पुढे, आणि शेवटी प्रमाणपत्रांचं वाटप. मुलींचे चेहरे फुललेले होते, ते बघून बरं वाटलं. पण गेले चौदा महिने मी ज्युदो शिकते आहे, त्यातली पहिलीच गोष्ट त्या शिबिरात कुठे दिसली नाही. म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक आहे. वय ४६, राहणार कराड. माझी मुलगी नववीत असताना तिच्या शाळेतही असंच शिबिर झालं होतं. दोनशे-अडीचशे मुली, एक शिकवणारे सर आणि एक माइक. तिसऱ्या दिवशी ती प्रमाणपत्र घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आई, माझं मनगट धर, मी सोडवून दाखवते." मी धरलं. तिने अंगठ्याच्या बाजूला झटका दिला आणि हात सोडवून घेतला. मग मी म्हटलं, आता जरा नीट धरते. हलत्या गाडीत दांडी धरतो तसं धरलं. तिने दोनदा झटका दिला, तीनदा दिला, हात सुटेना. तिचे डोळे भरून आले. मी लगेच सोडलं, पण तिच्या चेहऱ्यावरचं ते मी विसरलेले नाही. तीन दिवसांत तिला कुणीतरी सांगितलं होतं की आता तू स्वतःला वाचवू शकतेस, आणि घरात, आईच्या हातात, ते खोटं ठरलं. मुलीची यात काहीच चूक नव्हती. सरांचीही किती म्हणावी? एवढ्या मुली, सिमेंटचं पटांगण आणि तीन दिवस.

त्याच पावसाळ्यात एका थांब्यावर उतरताना माझा पाय घसरला. पडताना सगळेच करतात तेच मीही केलं, हात टेकला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाडाचे डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "पडलात म्हणून नाही मोडलं, हात ताठ टेकलात म्हणून मोडलं." मग हात टेकायचा नाही तर करायचं काय, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला.

हात बरा झाल्यावर मी क्लास शोधायला लागले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "दीड वर्षात ब्लॅक बेल्ट, आमची हमी." दर तीन महिन्यांना परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, बेल्टची वेगळी. मी जिना उतरून परत आले. दुसऱ्या ठिकाणी ज्युदो चालत होता. सरांनी कागद पुढे केला नाही, पैशांचं काढलं नाही. म्हणाले, "ताई, आधी दोन दिवस बसून बघा. तिसऱ्या दिवशी यावंसं वाटलं तर डॉक्टरांना विचारून या." डॉक्टरांनी मनगट फिरवून बघितलं आणि हो म्हटलं.

माझ्यासारख्या एखादीला सुरुवात करायची असेल तर पहिले दोन महिने कसे जातात ते सविस्तर सांगते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात मी एकटीच मोठी. बाकी सगळी आठ ते सोळा वयाची पोरं. ज्युदोत रांग पट्ट्याप्रमाणे लागते, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्याची मी शेवटून पहिली, आणि माझ्या शेजारी चौथीतली एक मुलगी. पहिला महिनाभर कुणाला पाडायचं शिकवलंच नाही. फक्त पडायचं. त्याला जपानी नाव आहे उकेमी. आधी मॅटवर पाठ टेकून झोपायचं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम मॅटवर आपटायचे. मग बसून मागे जायचं. मग उकिडवं बसून. मग उभं राहून. मग बाजूला पडायचं, आणि शेवटी खांद्यावरून गोल कोलांटी घेऊन. हात आपटायचा तो अंगाच्या बरोबरीने, अंगाखाली टेकवायचा नाही. पडताना श्वास सोडायचा. आणि हनुवटी छातीला, म्हणजे डोकं मागे आपटत नाही.

ही हनुवटी मला जमेना. मागे जाताना मान आपोआप छताकडे जायची, आणि सर ओरडायचे. शेवटी शेजारची ती चौथीतली मुलगी माझ्यापुढे येऊन बसली. स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काकू, हनुवटीचं डोक्यातून काढा. पडताना फक्त गाठीकडे बघत राहा." मी गाठीकडे बघत मागे गेले. हात मॅटवर बसले, टाळी वाजावी तसा आवाज आला आणि डोकं अधांतरी राहिलं. मी तिथेच पडून राहिले. डॉक्टरांना विचारायचा राहिलेला प्रश्न मॅटवर सुटला होता. घरी जाऊन सासूबाईंना हे करून दाखवलं, गादीवर. त्यांनी दोनदा करायला लावलं आणि मग एवढंच म्हणाल्या, "हे मला न्हाणीघरात पडायच्या आधी कुणी शिकवलं असतं तर?" त्यांच्या खुब्यात सळई आहे.

मंगळसूत्र आणि बांगड्यांबद्दलही लिहायलाच हवं, कारण मला वाटतं कितीतरी बायका दारातून परत जातात त्या यामुळे. अंगावर धातू किंवा काच चालत नाही, नखं कापलेली लागतात, केस साध्या रबराने बांधायचे. झटापटीत समोरच्याच्या बोटाला किंवा गळ्याला लागतं, हे त्याचं कारण. मी स्टीलची एक छोटी डबी घेतली आहे. तिच्यात मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात गुंडाळून ठेवते, आणि डबी तिकिटांच्या बॅगेत, सुट्या पैशांच्या कप्प्यात. पहिल्या दिवशी हात थरथरला. आता तो क्लासला जायच्या तयारीचाच एक भाग झाला आहे.

दुसऱ्या महिन्यात पाडायला शिकवायला सुरुवात झाली आणि तिथे मला माझ्या नोकरीचा उपयोग झाला. वीस वर्षं मी हलत्या गाडीत उभी आहे. बसमध्ये उभ्या प्रवाशाकडे कधी बघा. दोन्ही पाय अंतरावर टेकलेले असतील तर करकचून ब्रेक लागला तरी माणूस डुलतो, पण उभा राहतो. तोच पुढे सरकायला एक पाय उचलतो आणि नेमका तेव्हा ब्रेक लागला, की शेजारच्याच्या अंगावर जातो. ज्युदोत समोरच्याचा तोल मोडण्याला कुझुशी म्हणतात, आणि सरांनी शिकवलेला पहिला डाव, देआशी बाराई, हा अगदी तोच क्षण आहे. समोरच्याचा पुढे येणारा पाय टेकतोय, भार अजून पुरता आलेला नाही, तेवढ्यात आपल्या तळपायाने तो झाडायचा. ताकद फार लागत नाही. वेळ साधावी लागते, आणि ती साधायला मला पाच महिने लागले. माझ्या मुलीला मनगट सोडवायचं शिकवलं होतं तेव्हा तोल मोडणं कुणी सांगितलंच नव्हतं. नुसत्या झटक्याने घट्ट धरलेला हात सुटत नाही.

आमच्या भागातल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. तालमीत नवा पठ्ठा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्ती धरायला देत नाहीत. आधी हातात फावडं देतात, हौद्यातली तांबडी माती खणायला लावतात. खांदे आणि कंबर तिथेच तयार होते, आणि माती मऊ राहिली की पडणाऱ्याला लागत नाही. माझी गाडी कराडजवळच्या गोळेश्वरवरून जाते. खाशाबा जाधव तिथले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वजनगटात सुवर्णपदक मिळालं जपानच्या शोहाची इशी यांना, आणि ते मूळचे ज्युदोचे. महायुद्धानंतर जपानच्या शाळांतून ज्युदोवर बंदी आली तेव्हा ते कुस्तीकडे वळले. क्लासमधल्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही नावं भिंतीवरच्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. अजून कुणी पुसलेली नाहीत.

ज्युदो हा बायकांचा, त्यातून मोठ्या वयाच्या बायकांचा खेळ नाही, असं मला डेपोत आणि नात्यात पुष्कळांनी सांगितलं. त्यांना मी जे सांगते ते इथेही सांगते. ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो अंगाने लहानखुरे होते आणि पेशाने शिक्षक. १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. १९२६ मध्ये तिथे स्त्रियांचा स्वतंत्र विभाग निघाला. केइको फुकुदा या पाच फुटांहूनही कमी उंचीच्या बाईंनी कानोंच्या हाताखाली शिकून पुढे अमेरिकेत आयुष्यभर शिकवलं, आणि २०११ मध्ये, ९८व्या वर्षी, तिथल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा डान, म्हणजे ज्युदोतली सर्वांत वरची पायरी, दिला. आपल्या देशात रवींद्रनाथांनी १९०५ मध्येच शांतिनिकेतनात जपानी शिक्षक बोलावले होते. पुढे तिथे मुलीही शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्याच. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि आज कराडात एका वाहकबाईला विचारतात की या वयात हे कशाला.

त्रासही सांगते, कारण फक्त गोड सांगून कुणाला आणू नये. दुसऱ्या महिन्यात पायाच्या अंगठ्याचं नख उखडलं. बोटांचे सांधे समोरच्याची जाड कॉलर धरून सुजतात, सकाळी तिकीट मशीनची बटणं दाबताना कळतं. दुपारपाळी लागली की आठवडा बुडतो आणि पुढच्या आठवड्यात सगळं अंग पुन्हा पहिल्यापासून बोलतं. आणि हार मानायला शिकावं लागतं. हात अडकला, दम कोंडला, की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. तो तत्क्षणी सोडतो. सोडलाच पाहिजे. हा विश्वास ज्या वर्गात नाही तिथे एक दिवसही थांबू नये. क्लास निवडणाऱ्याने मी तर म्हणेन हेच बघावं. दोन दिवस कडेला बसा. नवख्याला पहिल्याच दिवशी जुन्याच्या हातात देतात का, थापटल्यावर लगेच सोडतात का, लागलेल्या पोराकडे सर स्वतः जातात का, हे बघा. भिंतीवरच्या ढाली नंतर बघा. ज्युदो असो, कराटे असो, तालीम असो, हे सगळीकडे सारखंच.

आता माझं म्हणणं. शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. त्या तीन दिवसांत मुलींना पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की ओरडायला लाजू नकोस, आणि ते मोलाचं आहे. पण भरवणाऱ्यांनी तीन दिवसांत पंधरा डाव दाखवण्याऐवजी गाद्या मागवाव्यात. गाद्या नसतील तर वर्गातल्या सतरंज्या चार पदरी घालाव्यात, पन्नास-पन्नास मुली घ्याव्यात आणि बसल्या जागेवरून मागे पडायला शिकवावं, हनुवटी आत, नजर गाठीकडे. ते त्यांना जन्मभर पुरेल, ओल्या फरशीवर, स्कूटरवरून, कुठेही. मनगट सोडवायचं शिकवलं तर जोडीदारणीला खरोखर घट्ट धरायला लावावं, आणि सुटलं नाही तर मुलीला तिथेच स्पष्ट सांगावं की हे यायला महिने लागतात, म्हणून क्लासला ये. प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गावातल्या क्लासचा आणि तालमीचा पत्ता छापावा.

आणि क्लास चालवणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. चाळिशीपुढच्या बायकांसाठी आठवड्यातून दोन दिवस एक तास वेगळा ठेवा, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला. त्या वेळी मॅट रिकामेच असतात. आमच्या सरांनी गेल्या महिन्यात तसा तास सुरू केला आहे. सध्या चौघी येतो. त्यांतली एक भाजी विकते, एक निवृत्त शिक्षिका आहे, आणि एक माझ्याच डेपोतली. उकेमी मी घेते. माझी मुलगी आता दहावीत आहे, परीक्षा झाली की येते म्हणाली आहे. मी आग्रह केलेला नाही.

आपली नम्र,
एक महिला वाहक, कराड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)