सदतिसाव्या आवर्तनातला खालचा बाण

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला दादा म्हणावं की ताई, हे मला अजून ठाऊक नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. 'तुम्ही' म्हटलं की मराठीत निभावून जातं, म्हणून तसंच लिहितो. तुमचं टोपणनावही इथे घेत नाही. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला आवडत नाही, एवढं तुमच्या दोन-दोन ओळींच्या उत्तरांवरून कळलंय. पण आभार मनातल्या मनात मानून पाहिले, ते काही संपेनात. म्हणून माझ्या एका खेळाच्या फाइलला केलेल्या मदतीबद्दल हे उघडं पत्र.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. कोनामीचा डान्स डान्स रेव्होल्यूशन हा खेळ १९९८ साली आला. पडद्यावर बाण वर सरकतात, गाण्याच्या ठोक्याला पायाखालच्या चार चौकोनांपैकी बरोबर त्या चौकोनावर पाय पडला पाहिजे. २००१ पासून स्टेपमेनिया नावाचा फुकट आणि मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. त्यात एडिटर आहे, त्यामुळे कुठल्याही गाण्यावर कुणीही आपले बाण रचू शकतं. याला आम्ही चार्ट करणं म्हणतो. चार्टची फाइल म्हणजे साधा मजकूर. एका ओळीत चार आकडे: डावा, खालचा, वरचा, उजवा. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे बाण, दोनला धरून ठेवायचं आणि तीनला सोडायचं. नोटपॅडमध्ये उघडली तर त्यात संगीत आहे असं कुणाच्या बापाला वाटणार नाही.

अशीच एक फाइल मी तीन महिने रात्री बसून केली. गाणं माझ्या मित्राचं, त्याने जुन्या ड्रम मशीनवर वाजवून रेकॉर्ड केलेलं, दोन मिनिटांचं. मशीनच्या पडद्यावर वेग दिसत होता मिनिटाला १५० ठोके, मीही १५० घातला. पहिला बाण पहिल्या ठोक्यावर नेमका बसवला आणि सिंकचं, म्हणजे बाण आणि गाणं जुळवण्याचं, काम झालं असं समजून पुढे गेलो. चार चौकोनांचं ते पॅड माझ्याकडे नाही. मी खेळतो कीबोर्डवर, चार बोटांनी. हे तेव्हा मला उणं वाटत नव्हतं.

मग ती दाखवायला सुरुवात केली. पहिल्याने उत्तर दिलं, 'ऑफसिंक. डिलीट कर.' कुठे, किती, काही नाही. दुसऱ्याने ९ मिलिसेकंदांवर प्रवचन दिलं. विषय खरा आहे. इन द ग्रूव्ह या तशाच दुसऱ्या खेळाच्या मशीनला धरून जुळवलेले चार्ट आणि स्टेपमेनियात शून्याला धरून जुळवलेले चार्ट यांत ९ मिलिसेकंदांचा फरक असतो, आणि त्यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. पण माझी फाइल त्यांनी उघडलीच नव्हती, हे प्रवचन संपता संपता कळलं. तिसऱ्या गृहस्थांनी आपोआप बाण रचणारा एक प्रोग्रॅम सुचवला, वर म्हणाले की यंत्र तुझ्यापेक्षा बरं करील. एका ठिकाणी परीक्षणासाठी पाठवली. तिथून एकच शब्द परत आला: 'अनप्लेएबल.' मी विचारलं, कुठे अडतं? त्यावर आजतागायत उत्तर नाही.

यातलं कुणी खोटं बोललं नव्हतं, हे आता कळतं. चार्ट ऑफसिंक होता. खेळण्याजोगाही नव्हता. पण अंधारात चाचपडणाऱ्याला 'तू अंधारात आहेस' एवढंच सांगून निघून जायचं, याला मदत म्हणत नाहीत. राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल.

तुमचं पहिलं उत्तर माझ्याकडे जपून ठेवलंय. 'फाइल पाठव. आज खेळून होईल.' बस. मला वाटलं, आणखी एक जण गायब होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार्टऐवजी एक ध्वनिमुद्रण आलं, नऊ मिनिटांचं. दोन मिनिटांच्या गाण्याला नऊ मिनिटं कशाला, असं म्हणत मी हेडफोन लावले. तुम्ही फोन पॅडशेजारी जमिनीवर ठेवला होता. गाणं लांबून येत होतं आणि जवळून येत होते तुमचे पाय. धप, धप, धप-धप. तीन महिने जे बाण मी डोळ्यांनी पाहिले, बोटांनी दाबले, ते मी पहिल्यांदा कानांनी ऐकत होतो, एका अख्ख्या माणसाच्या वजनासकट.

सुरुवातीला पाय आणि ढोल एकजीव होते. मिनिटभराने काहीतरी खटकायला लागलं. शेवटाकडे तर प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येत होता, आधी पाय, मग लगेच ढोल, जसं काही दार आपटल्यावर त्याचा पडसाद यावा. खाली तुम्ही लिहिलं होतं: 'गाण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून, फक्त बाण बघून खेळलेलं आहे. तुझी सम गाण्याच्या समेआधी येते, आणि दर आवर्तनाला थोडी थोडी जास्त. वेग १५० नाही, १४९.९५ च्या आसपास असेल.'

मी कागद घेऊन बसलो. १५० ला एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. १४९.९५ ला तो ४००.१३ चा होतो. तेरा शतांश मिलिसेकंद, कुणाला कळणार? पण गाण्यात ठोके ३००. म्हणजे शेवटी ४० मिलिसेकंदांची तफावत. स्टेपमेनियाच्या नेहमीच्या मोजमापात 'मार्व्हलस' या सगळ्यात वरच्या शेऱ्याची खिडकी, म्हणजे पुढेमागे व्हायची मुभा, दोन्ही बाजूंना २२.५ मिलिसेकंदांचीच असते. म्हणजे माझ्या चार्टवर शेवटची काही आवर्तनं गाण्याच्या ठोक्याला अचूक खेळणाऱ्यालाही वरचा शेरा मिळणं नाही, आणि त्याला आपणच चुकतोय असं वाटणार. मशीनचं घड्याळ म्हातारं झालं होतं, आणि मी त्याच्या पडद्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. ॲरोव्होर्टेक्स या चार्ट रचायच्या दुसऱ्या एडिटरमध्ये गाण्याची लहर बाणांमागे काढून दाखवता येते. शेवटाला जाऊन एकदा पाहिलं असतं तरी दिसलं असतं. मी फक्त सुरुवात पाहिली होती.

(गाण्याची फाइल एमपीथ्रीऐवजी ऑग प्रकारची वापर, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. एमपीथ्रीच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि ती धरायची की कापायची हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं ठरवतो. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर दोन आठवड्यांची झोप वाचली असती.)

पण हे पत्र त्यासाठी नाही. वेग मोजून देणारं साधन सापडलं असतं कधी ना कधी. हे पत्र त्या मुद्रणातल्या ५८व्या सेकंदासाठी आहे.

५८व्या सेकंदाला सदतिसावं आवर्तन सुरू होतं. चार ठोक्यांच्या या गटाला मी 'मेझर' म्हणत होतो, तुम्ही आवर्तन म्हणालात, तेव्हापासून मीही. तिथे सोळांशाचे बाण आहेत, दर १०० मिलिसेकंदांना एक. पायांचा आवाज धपधपधपधप असा सरळ येतो आणि मग तुटतो. मोजे घासल्याचा आवाज, एक उशिरा पडलेला पाय, आणि हसू. माझ्यावरचं नव्हतं ते. घसरगुंडीवर अनपेक्षित वेग लागला की माणूस स्वतःशीच हसतं, तसं होतं.

मग तुम्ही मागे जाऊन तेच आवर्तन परत खेळलात. परत तुटलं. परत खेळलात. मी मोजलं, सात वेळा. चौथ्या वेळी तुम्ही पुटपुटताय, 'डावा, खालचा, उजवा, आणि परत डावा? मग माझं तोंड भिंतीकडे.' सहाव्या वेळी खरंच तोंड भिंतीकडे करून खेळून पाहिलं असावं, कारण आवाज दुसऱ्याच दिशेने येतो. त्यानंतर माझ्या फाइलमध्ये तुम्ही एक बाण घातलात आणि आठव्यांदा खेळलात. या वेळी आवाज तुटला नाही. पाय पाण्यासारखे गेले. शेवटी दोन शब्द: 'आता ऐक.'

कीबोर्डवाल्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. बोटं चार, बाण चार, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. पाय दोनच, आणि ते आळीपाळीने पडायचे. डावा बाण डाव्या पायाने, खालचा उजव्याने, मग उजवा बाण परत डाव्याने, म्हणजे कंबर वळली. याला क्रॉसओव्हर म्हणतात आणि तो छान वाटतो. पण तिथून मी थेट डावा बाण दिला होता. तो घ्यायचा उजव्या पायाने. आता उजवा पाय डावीकडे, डावा पाय उजवीकडे आणि पडद्याकडे पाठ. नाहीतर एकच पाय १०० मिलिसेकंदांत या टोकाहून त्या टोकाला फेकायचा. तुम्ही मध्ये एक खालचा बाण घातलात आणि डावा एक ओळ पुढे सरकवलात. डावा, खालचा, उजवा, खालचा, डावा. कंबर वळते आणि वळलेली सुटते. एवढाच बदल. 'अनप्लेएबल' म्हणणाऱ्याला तो सांगायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

आणि तरीही मला जे लागलं ते यापुढचं. मुद्रणाखाली तुमची शेवटची ओळ होती: 'तिथे सूर उलटा फिरतो म्हणून तू पायांना फिरवायला बघत होतास ना? कल्पना सोडू नकोस.'

हो. तेच बघत होतो. त्या आवर्तनात मित्राने आधीची सगळी ओळ उलटी वाजवलीय आणि मला वाटलं होतं की खेळणाऱ्याचं अंगही तिथे फिरावं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मित्रालासुद्धा नाही. तीन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी तो चार्ट पाहिला त्यांना चूक दिसली. तुम्ही तीच चूक सात वेळा पायांनी करून पाहिलीत आणि मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला ऐकू आलं. मी हेडफोन काढले आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं हे लिहायला आता लाज वाटत नाही. बाणांच्या खेळासाठी रडणारा माणूस, हसा ज्यांना हसायचं त्यांनी.

हा सगळा छंदच खरं तर अशा लोकांवर उभा आहे. स्टेपमेनिया कुणीतरी आपल्या फावल्या वेळात लिहिला, वाढवला आणि कुणालाही वापरायला दिला. हजारो चार्ट लोकांनी पदरमोड करून केले. त्यातला प्रत्येक चार्ट कधी ना कधी कुणीतरी पहिल्यांदा खेळून पाहिला असणार, अडखळला असणार आणि नीट शब्दांत सांगितलं असणार. त्या सांगणाऱ्याचं नाव कुठल्याच फाइलमध्ये नसतं. आणि जोरात बोलणाऱ्यांना मात्र सगळे ओळखतात. मीसुद्धा त्यांनाच आधी विचारायला गेलो होतो.

आता मी जमिनीवर चार कागद चिकटवलेत. प्रत्येक आवर्तन आधी पायांनी चालून बघतो, हळू, आकडे म्हणत, मग एडिटरला हात लावतो. घरातल्यांना मी कसलंतरी व्रत धरलंय असं वाटतं. परवा एका नवख्याने आपला चार्ट पाठवला. सिंक भयंकर आहे. 'ऑफसिंक' हा शब्द बोटांवर आला होता, खोटं कशाला बोलू. पुसला, आणि त्याचा शेवटचा ठोका किती मिलिसेकंदांनी सरकलाय ते मोजून कळवलं. मुद्रण पाठवण्याएवढे पाय अजून चालत नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. फाइलमधल्या श्रेयाच्या ओळीत मी माझ्या नावापुढे तुमचं टोपणनाव लिहिलं होतं. तुमच्याकडून फाइल परत आली तेव्हा ते पुसलेलं होतं. मी पुन्हा लिहिलं, तुम्ही पुन्हा पुसलंत. तिसऱ्यांदा लिहीत नाही. पण सदतिसाव्या आवर्तनातला तो खालचा बाण तुमचा आहे आणि तो तिथून हलणार नाही.

मित्राने नवीन गाणं दिलंय. मशीन १७४ दाखवतंय. या वेळी शेवटापासून मोजायला घेतलंय. झालं की पाठवतो, फोन जमिनीवर ठेवायची तयारी असू द्या.

तुमचा,
तो कीबोर्डवाला