हस्की की लॅब? पिल्लाचा भाव आणि नागपूरचा उन्हाळा

संपादक महाशय,

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत हल्ली कुत्र्यांची पिल्लं विकायची एखादी तरी जाहिरात असतेच. ‘लॅब ९,०००, हस्की ३५,०००, पिल्ले ३५ दिवसांची, त्वरित संपर्क साधा.’ (लॅब म्हणजे लॅब्राडॉर.) आमच्याकडे बरीच वर्षं कुत्रं असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक ते कात्रण घेऊन येतात आणि विचारतात, हस्कीत एवढं काय आहे? म्हणून हा पत्रप्रपंच.

हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. नऊ हजारांत मिळतो तो बिनकागदाचा लॅब. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी असलेला, पिल्लाची आई समोर आणून दाखवणारा विक्रेता गाठलात तर लॅबचेही वीस-पंचवीस हजार सांगतात, आणि तसाच हस्की पन्नासच्या आसपास जातो. म्हणजे चौपट वाटणारा फरक दुपटीवर येतो. तो दुपटीचा फरक मात्र समजण्यासारखा आहे. लॅबला एका वेताला सात-आठ पिल्लं सहज होतात, हस्कीला बहुधा चार ते सहा. शिवाय हस्कीची मादी आपल्याकडे सांभाळायची म्हणजे विक्रेत्यालाही थंड खोली लागते.

त्यावर जो मसाला चढवतात, त्याचे पैसे मात्र द्यायचं कारण नाही. लॅब ‘डबल बोन’ (जाड हाडाचा), ‘पंच फेस’ (बसक्या तोंडाचा) म्हणून चार-पाच हजार वाढवून सांगतात. असा कुठलाही प्रकार नोंदणीच्या कागदावर नसतो. हस्कीत निळ्या डोळ्यांचे जास्त लावतात. या जातीला तपकिरी डोळेही तितकेच मान्य आहेत. आणि महिनाभराच्या पिल्लाचे डोळे कुठल्याही जातीचे असोत, निळसरच दिसतात. खरा रंग पुढच्या काही आठवड्यांत ठरतो, तोवर विकणाऱ्याचा फोन लागेनासा झालेला असतो.

आता नागपूरचा हिशेब. हस्की मूळचा सायबेरियाचा, बर्फात गाडी ओढणारा. अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, तर रात्रीही भिंती निवत नाहीत. आमच्याच इमारतीतला एक हस्की मार्चपासून न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून पडलेला असतो. मालकिणीने बोलावलं की नुसती शेपटी हलवतो, उठत नाही. कूलर मेपर्यंत कसाबसा पुरतो, पण जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा काही उपयोग नाही. दीड टनाचा एसी दिवसाला दहा तास चालवला तर बारा-पंधरा युनिटं जातात. महिन्याची चारशेच्या घरात, आणि तीही घरच्या वापराच्या वरची, म्हणजे महागड्या टप्प्यातली. तीन महिने धरले तरी पंधरा-सोळा हजार कुठे गेले नाहीत. (केस भादरून टाका म्हणजे गार वाटेल, असं सांगणारे खूप भेटतात. ऐकू नका. तो थर उन्हापासूनही वाचवतो.)

लॅब स्वस्तात पडतो असं मात्र कोणी समजू नये. तो तीस किलोचा गडी, हस्की वीस-बावीसचा. खाण्यात महिन्याला हजार रुपयांचा फरक सहज पडतो. पोळी, भात, कोंबडीचे पंजे असं घरचं दिलंत तर थोडा कमी. त्यात लॅब मुळातच अधाशी. दिलं तितकं खातो, लठ्ठ होतो आणि मग मागच्या पायांचं दुखणं सुरू होतं. वर्षाकाठी दोघांच्या खर्चात फार तर चार-सहा हजारांचं अंतर राहतं. फक्त लॅबचा खर्च तुमच्या हातात असतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली तर हस्कीचं काय करायचं, याचं उत्तर पैशांनी मिळत नाही. इन्व्हर्टरवर एसी चालवणारी घरं आपल्याकडे किती?

खरा खड्डा पडतो तो ‘३५ दिवसां’मुळे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नेहमीची सेव्हन-इन-वन लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते. त्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू पार्व्हो या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराला सहज बळी पडतं. विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे रिंगरोडवर फळांच्या खोक्यातून हातात दिलेलं पिल्लू त्या दिवशी टुणटुणीत दिसतं. आई दाखवा म्हटलं की ती ‘गावाकडे’ असते. पुढच्या आठवड्यात रक्ताची हगवण, सलाईन, रोजच्या दवाखान्याच्या फेऱ्या. नऊ हजारांच्या पिल्लावर तेवढेच आणखी जातात आणि तरी ते हाती लागेलच असं नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. अशा जाहिराती घेताना ब्रीडरचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. ‘३५ दिवसांची पिल्ले’ ही ओळ तर आपल्या जाहिरात विभागाने खिडकीवरच परत करावी. पैसे देऊन छापलेली असली तरी ती नियमभंगाची कबुली आहे, आणि ती आपल्या पानावर येते.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर