बुक्कीने फोडलेला कांदा

कैरो,
२३ एप्रिल २०२५

प्रिय बंड्या,

सुकट-बोंबलाच्या वासात आपलं बालपण गेलं. मासळीच्या वासाला मी कधी नाक मुरडेन असं वाटलं नव्हतं. परवा सोमवारी मुरडलं, तेही सणाच्या दिवशी.

सणाचं नाव शम्म अन्-नसीम. शम्म म्हणजे हुंगणं, नसीम म्हणजे झुळूक. हवा खायला जायचं, एवढाच सण! पूजा नाही, नैवेद्य नाही, आणि देशभर सरकारी सुट्टी. मुसलमान असो वा कॉप्टिक (म्हणजे इथले मूळचे) ख्रिश्चन, डबे भरून सगळे घराबाहेर.

सातलाच घरमालकीणबाईंच्या नातवाने दार वाजवलं. नाईलकाठी पोचतो तर हिरवळीवर सतरंज्याच सतरंज्या. या वाळवंटी शहरात हिरवं गवत म्हणजे चैन. रस्त्याच्या दुभाजकावर चार हात गवत असेल तर तिथेही एखादं कुटुंब ऐसपैस बसलेलं. पोरं उकडलेली अंडी रंगवत होती. बाईंनी मात्र कांद्याच्या सालींबरोबर उकळून आणली होती. तांबूस, आपल्या चिऱ्याच्या रंगाची.

मग पातीचे कांदे, लेट्यूसची पानं, भिजवलेले तुर्मुस (पिवळे चपटे दाणे, साल चिमटून तोंडात टाकायचे) आणि चक्क आपला ओला हरभरा, डहाळ्यांसकट! सोलायला बसलो तर मालकीणबाई बघतच राहिल्या, या हिंद्याला हे कुणी शिकवलं म्हणून.

कांद्याची गंमत वेगळीच. १८३०च्या दशकात इथे राहिलेला एडवर्ड लेन हा इंग्रज लिहून गेलाय, की या दिवशी पहाटे बरेच लोक, त्यातही बायका, कांदा फोडून हुंगतात आणि मग नावेतून उत्तरेकडे हवा खायला जातात. मी हे सांगितल्यावर म्हातारीने एक कांदा माझ्यापुढे ठेवला. बुक्की मारून फोडला, कोकणी पद्धतीने. टाळ्या पडल्या. आपल्या कांदेनवमीचं सांगायला गेलो, पण माझी अरबी तिथवर पोचली नाही.

आता फसीख. मासा आपला बोयच रे. आधी फुगेपर्यंत उन्हात ठेवायचा, मग मिठात दाबून कित्येक दिवस मुरवायचा. खारवण्याचं काम जाणकार फसखानीच करतो, कारण चुकलं तर विष होतं. १९९१ च्या एप्रिलमध्ये कैरोत ९१ जण इस्पितळात गेले, १८ दगावले. म्हणून दरवर्षी आरोग्य खातं 'खाऊ नका' म्हणून बजावतं आणि दरवर्षी लोक खातात. मी आधी रेंगावर, म्हणजे धुरावलेल्या हेरिंगवर, वेळ मारून नेली. पण म्हातारीने फसीखावर लिंबू पिळलं, भाकरीत गुंडाळलं आणि घास समोर धरला. खाऱ्या बांगड्याहून खारट, लोण्यासारखा मऊ, आणि वास थेट टाळूला. डोळ्यांतून पाणी. दुसरा घास मात्र मी मागून घेतला, हे आईला सांगू नकोस.

सण फॅरोंच्या काळचा, असं इथे जो तो छाती फुगवून सांगतो. जुन्या पंचांगात 'शेमू' नावाचा सुगीचा ऋतू होता, त्यावरून हे नाव आलं म्हणतात. पण ते वर्ष बरोब्बर ३६५ दिवसांचं, अधिक दिवस नाहीच, त्यामुळे शेमू हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरत गेला. तेव्हा पाच हजार वर्षांचा हिशोब मी तरी जपूनच ऐकतो. आताचा मुहूर्त सोपा: कॉप्टिक ईस्टरचा दुसरा दिवस. लांबलचक उपास संपलेला असतो, मग मासे-अंडी खायला सगळे मोकळे.

ऑफिसातल्या पोर्ट सैदच्या एका सोबत्याने तर कमालच सांगितली. त्यांच्याकडे आदल्या रात्री ॲलनबीचे पुतळे जाळतात. पहिल्या महायुद्धानंतर इथे कारभार पाहणारा हा इंग्रज सेनानी. लोक त्याला 'लिम्बी' म्हणतात. साहेब शंभर वर्षांपूर्वी इथून निघून गेला, पुतळा अजून जळतोय. पुढच्या वर्षी बघायला जाणार आहे. येतोस?

बोटांना लिंबू चोळलं, कॉफीची पूड चोळली, वास काही हटत नाही. या कागदालाही येत असेल. एक काम कर: इकडे येणारा कुणी भेटला तर सुकट पाठव, दोन पिशव्यांत गच्च बांधून. मालकीणबाईंना मी शब्द दिलाय, आणि त्यांचं नाक मुरडतं का ते मला बघायचंय.

तुझा,
पम्या