काका, मागचे दिवे आता उन्हातही दिसतात

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘असू दे रे’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. जुन्या गाड्या जपणाऱ्या आपल्या इतर मंडळींनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

माझी फोर्ड मस्टँग १९६६ची. मागे तीन उभ्या कप्प्यांची देखणी काच, पण तिच्याआड दर बाजूला बल्ब एकच, ११५७ नंबरचा. त्यातली ८ वॉटची तार टेललाईटची, २७ वॉटची ब्रेकची, आणि इंडिकेटरलाही तीच. अमेरिकेत वरचा तिसरा ब्रेक लाईट सक्तीचा झाला तो १९८६च्या मॉडेलपासून, त्यामुळे माझ्या गाडीला तोही नाही. जूनमध्ये इथे डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर भर दुपारी सिग्नलला थांबलो, तर मागचा पिकअप करकचून ब्रेक दाबत वीतभर अंतरावर येऊन थांबला. दिवे दिसलेच नाहीत, म्हणाला. मागच्या सीटवर लेक होती. पोटात गोळा आला.

मग एकामागून एक कप्पा पेटत जाणारे एलईडी मागवले. अख्खा शनिवार घालवून बसवले, तर डावा इंडिकेटर लुकलुकेचना, पेटला की पेटलेलाच. उजवीकडे हेडलाईट चालू असताना ब्रेक दाबला की उजेड वाढायच्या ऐवजी मंदावायचा. रात्री सगळं खोक्यात भरून परत पाठवायच्या बेतात होतो, तेव्हा तुम्हाला फोन केला. अर्ध्या तासात तुम्ही दारात.

तुम्ही एलईडीला हातच लावला नाही. आधी जुना बल्ब परत बसवायला लावलात. टेस्ट लॅम्पचा चिमटा लांब वायरने बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलात आणि टोक डिकीतल्या उघड्या पत्र्याला टेकवलंत, लॅम्प पेटला. तेच टोक दिव्याच्या हाऊसिंगला, म्हणजे बल्ब बसतो त्या धातूच्या घराला टेकवलंत, अंधार. ‘करंट गेला तसा परतही यायला हवा ना? वाट नाही, म्हणून दुसऱ्या तारेतून शिरतोय.’ गाडी कधीतरी रंगवताना बोल्टांच्या जागीही रंग बसला होता, आणि या गाडीत हाऊसिंगला अर्थ (अर्थिंग, करंट परत जायची वाट) मिळतो तो त्या बोल्टांतूनच. पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा होईपर्यंत तुम्ही घासत होतात, डिकीत अर्धे आत वाकून, दातांत टॉर्च धरून. मग दातेरी वॉशर, आणि दोन्ही बाजूंना वेगळी अर्थची वायर. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला असं वाकलेलं बघून मला संकोच वाटत होता, तुम्हाला मात्र वेळेचं भानही नव्हतं.

डाव्या बाजूचं कोडं फ्लॅशरचं, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीचं निघालं. जुन्या फ्लॅशरमधली दोन धातूंची पट्टी बल्बच्या करंटने तापते, वाकते, जोड तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. एलईडी इतका कमी करंट घेतात की पट्टी तापतच नाही. जादा करंट खाऊन तापणारा रेझिस्टर लावून काम भागव, असा सल्ला मला मिळाला होता. तुम्ही ठाम नाही म्हणालात. वाचवलेला करंट पुन्हा उष्णतेत कशाला घालवायचा? दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला, त्याची काळी वायर डॅशबोर्डखाली अर्थला दिली, आणि तीन कप्पे आतून बाहेर एकेक करत पेटले. तेव्हा तुम्ही फोर्डच्याच १९६५च्या थंडरबर्डबद्दल सांगितलंत. तिच्यात हाच खेळ डिकीतली छोटी मोटर कॅम (उंचवटे असलेली चकती) फिरवून करायची. हे सांगताना तुमचा चेहरा काय खुलला होता!

मूळ वायर एकही कापायची नाही, जुने बल्ब नावं लिहून डबीत ठेवायचे, लाल काचेमागे लालच एलईडी घालायचे, हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय. बल्बची तार पूर्ण तापायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, एलईडीला तो वेळ लागत नाही. ताशी ९६ किलोमीटर वेगात एवढ्या वेळात मागची गाडी पाच मीटरहून जास्त पुढे येते. म्हणजे माझ्या मस्टँगच्या लांबीपेक्षाही जास्त. लेक मागे बसते तेव्हा हा आकडा मला रोज आठवतो.

तुमचा टेस्ट लॅम्प माझ्याकडेच राहिलाय. रविवारी घेऊन येतो. हिने तुमच्यासाठी पुरणपोळ्या करायच्या ठरवल्या आहेत. पुढच्या डाव्या इंडिकेटरचा होल्डर जरा सैल वाटतोय, वेळ असेल तर तोही बघू.

कळावे, लोभ असावा.
तुमचा मस्टँगवाला शेजारी