राणीची कथा आणि पाटणचा शिलालेख

मा. संपादक,

कोरियन मालिकांच्या ओढीने अयोध्येच्या राजकन्येची कथा हल्ली खान्देशातही आवडीने सांगितली जाते. आयुता देशाची हो ह्वांग-ओक इ. स. 48 मध्ये समुद्रमार्गे येऊन कोरियातील सुरो राजाची राणी झाली, असे 'समगुक युसा' हा कोरियन ग्रंथ म्हणतो. परंतु हा ग्रंथ तेराव्या शतकातील असून आयुता म्हणजे अयोध्या हे केवळ अनुमान आहे. कथा रम्य आहे, हे मान्यच.

गणिती भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या घटिकापात्रात मोती पडून विवाहमुहूर्त टळल्याची आख्यायिकाही तशीच, रम्य पण आधाराविना. याउलट, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळील पाटणचा 1207 चा शिलालेख सांगतो. पाटणादेवीला जाणाऱ्या तरुणांनी गाडीतील गाणी बंद ठेवून त्याची थोडी माहिती वाचूनच तेथे जावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, चाळीसगाव