गुप्त तक्रारीची दवंडी

दिनांक: 22 ऑगस्ट 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: 'गुप्त तक्रार' या सोयीतून तक्रारदाराची ओळख उघड झाल्याबाबत

महोदय,

आपल्या मदत केंद्राशी माझे पाचवे आणि शेवटचे बोलणे आज दुपारी झाले. गल्लीतल्या शेजाऱ्यांचे गट चालवणारे आपले ॲप कसे चालते हे आपणांस ठाऊक आहेच, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

आमच्या गल्लीच्या गटात 'दक्ष रहिवासी' असे टोपणनाव घेतलेल्या सदस्याने 12 ऑगस्ट रोजी, येथे एकटी भाड्याने राहणारी एक परिचारिका रात्रपाळीहून किती वाजता परतते आणि तिला कोण सोडायला येते, याची तीन दिवसांची टिपणे तिच्या फाटकाजवळच्या छायाचित्रासह टाकली. खालची शेरेबाजी मी येथे उतरवणार नाही. त्याच रात्री मी 'गुप्त तक्रार' हे बटण दाबले. 'आपली ओळख कोणालाही कळणार नाही' हे वाक्य त्या बटणाखाली आजही आहे. सवड मिळाल्यास वाचून पाहावे.

दुसऱ्या दिवशी आपण त्या सदस्याला सूचना पाठवली आणि तीत माझा मजकूर शब्दशः जोडला. नाव तेवढे गाळले होते. परंतु 'एकाकी स्त्रीच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवून तिची जाहीर विटंबना करणे निंद्य आहे' असे वाक्य 42 घरांच्या गल्लीत कोण लिहील, हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. मी 31 वर्षे मराठी शिकवले आहे आणि निम्म्या गल्लीच्या वह्या तपासल्या आहेत. तासाभरात माझे वाक्य गटात झळकले, त्याखाली 'बाई, शाळा सुटली, आता लाल शाई आवरा' असा शेरा आणि त्यावर 26 हसरे चेहरे.

आता आजच्या बोलण्याविषयी. पंचवीस मिनिटे संगीत ऐकवल्यानंतर आपल्या प्रतिनिधीने मला त्या सदस्याला ब्लॉक करण्याचा सल्ला दिला, 'म्हणजे तुम्हाला ते दिसणारच नाही, मॅडम.' मी विचारले की मला दिसले नाही, तरी उरलेल्या गल्लीला दिसतेच ना? त्यावर, 'त्यांनीही ब्लॉक करावे, मॅडम.' मांजर डोळे मिटून दूध पिते हे मी मुलांना शिकवले होते, मात्र ते एखाद्या कंपनीचे धोरण असेल असे वाटले नव्हते. 'दक्ष रहिवासी' कोण, असे विचारताच उत्तर आले, 'सदस्याची गोपनीयता आम्ही जपतो.' मग माझी? 'तीही जपतो, मॅडम.' हे वाक्य त्यांनी न अडखळता, एखाद्या पाठ केलेल्या कवितेसारखे म्हटले. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या हाती कागद देणाऱ्यांवर आहे.

टोपणनावालाही माझा विरोध नाही. टोपणनावाने लिहिण्याची परंपरा मराठीला नवी नाही आणि अनेकांना त्याची खरी गरज असते. परंतु सदस्य होताना आपण वीजबिल आणि आधार कार्ड तपासता, म्हणजे हा इसम कोण हे आपणांस ठाऊक आहे. जबाबदारी कोणाची ते माहीत असूनही ती कोणावर टाकायची नाही आणि तक्रार करणाऱ्याला मात्र उघडे पाडायचे, याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी शाळेच्या अंतर्गत समितीवर होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारदार आणि साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, म्हणून आमच्या शिपायालाही तक्रारींच्या कपाटाची किल्ली मिळत नसे. आपल्याकडे अभियंते आहेत, कपाट नसावे.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. ती आपण काही सेकंदांत दिली, कारण ती यंत्र देते. 2022 च्या दुरुस्तीनुसार, दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा किंवा लिंगावरून छळ करणारा मजकूर काढण्याची तक्रार 72 तासांत निकाली काढायची होती. ती मुदत 15 तारखेच्या रात्रीच संपली. मजकूर तसाच आहे. माझ्या वाक्याचे छायाचित्रही तसेच आहे, कारण ते 'समुदाय नियमांचे उल्लंघन करत नाही' असे आपल्या यंत्रणेने मला कळवले आहे.

दोन्ही मजकूर ताबडतोब काढावेत, तक्रारदाराचे शब्द आरोपीला जसेच्या तसे पाठवण्याची पद्धत बंद करावी आणि आपला निर्णय मला लेखी कळवावा. तो मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते आणि मी जाणार आहे. आपण केवळ मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर पोहोचवणारे आहोत, असे सांगून त्या मजकुराच्या जबाबदारीतून सूट देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चे संरक्षण मागायचे, तर आधी हे नियम पाळावे लागतात, हे आपल्या विधी विभागाला माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेने सांगावे लागू नये. सायबर पोलिसांकडे द्यायच्या अर्जाची प्रत तयार आहे. माझे खाते मी बंद करणार नाही, कारण पुरावा त्यातच आहे. दोन वर्षांची वर्गणी मात्र वाया गेली असे समजते.

ती मुलगी 31 तारखेला खोली सोडत आहे. त्यापूर्वी उत्तर द्यावे.

आपली एक सशुल्क सदस्य
(नाव मुद्दाम लिहीत नाही; माझा नोंदणी क्रमांक आपल्याकडे आहे आणि नाव तर आता गल्लीतल्या सर्वांकडे आहे.)